आश्लेषेतला नेपच्यून बडोद्याच्या अगाशीवरून कसा मोजावा

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी नवी कोरी दुर्बीण घेऊन भांडायला यायला नको: हा ग्रह दिसत नाही. तुम्हाला नाही, मला नाही, आणि ज्यांनी त्याचं वजन केलं त्या अहमदाबादच्या मंडळींनाही तो दिसलेला नाही. दिसतो तो फक्त त्याचा तारा. त्या ताऱ्याला दोन खोडी आहेत. दर साडेएकोणीस दिवसांनी ग्रह समोरून जातो तेव्हा तो काही तास किंचित मंद होतो, आणि त्याच लयीत आपल्याकडे सरकतो, मागे जातो, पुन्हा सरकतो. पहिल्या खोडीवरून ग्रहाचा आकार निघतो, दुसरीवरून वजन. पहिली खोड तुम्ही घरबसल्या स्वतः मोजू शकता, दुसरीचे आकडे तयार घ्यावे लागतात. हे सगळं बडोद्यात राहून कसं करायचं, ते या लेखात आहे. मी हिशेबनीस माणूस, खगोलशास्त्राची पदवी वगैरे काही नाही. बेरीज-भागाकार आणि वर्गमूळ येत असेल तर तुमचंही भागेल.

कोण हा ग्रह

नाव के२-२३६ बी. केप्लर दुर्बिणीच्या दुसऱ्या मोहिमेचं नाव के२, त्या यादीतला हा २३६ क्रमांकाचा तारा, आणि 'बी' म्हणजे त्याच्याभोवती सापडलेला पहिला ग्रह. ('ए' हे अक्षर खुद्द ताऱ्यासाठी राखून ठेवलेलं असतं.) जुन्या कागदांत तो एपिक २११९४५२०१ बी या नावाने सापडेल. दोन्ही नावं वहीत लिहून ठेवा, शोधताना दोन्ही लागतात.

ग्रह पृथ्वीच्या सहापट रुंद आणि सुमारे २७ पट जड. आपला नेपच्यून पृथ्वीच्या जेमतेम चौपट रुंद आणि १७ पट जड, शनी साडेनऊपट रुंद आणि ९५ पट जड. म्हणजे हा दोघांच्या मधला, थोरला नेपच्यून म्हणा किंवा धाकटा शनी म्हणा. मला थोरला नेपच्यून जास्त पटतं, कारण वजनाने तो शनीपेक्षा नेपच्यूनच्या कितीतरी जवळ आहे. स्वभाव मात्र अगदी उलटा. नेपच्यूनला सूर्याभोवती एक फेरी मारायला १६५ वर्षं लागतात आणि तिथे उणे २०० अंशांची थंडी. याचं वर्ष १९.५ दिवसांत संपतं आणि तापमान ६०० अंश सेल्सियसच्या घरात. तारा सूर्याच्याच जातीचा, पण जरा अंगाने भरलेला: वस्तुमान सूर्याच्या १.१८ पट, त्रिज्या १.३८ पट. अंतर साधारण ६०० प्रकाशवर्षं. आज रात्री जो प्रकाश आपल्यापर्यंत येईल तो निघाला तेव्हा अहमदाबाद शहर (स्थापना १४११) नुकतं कुठे वसत होतं.

अहमदाबादचा उल्लेख उगाच केला नाही. या ग्रहाचं वजन २०१८ साली तिथल्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने, म्हणजे पीआरएलने, जाहीर केलं. अभिजित चक्रवर्ती यांच्या गटाने अबूच्या गुरुशिखरावरच्या १.२ मीटर दुर्बिणीला जोडलेल्या 'पारस' या वर्णपटमापकाने (ताऱ्याचा प्रकाश रंगांत फाकवून मोजणाऱ्या यंत्राने) ते काढलं. नवशिक्याने सुरुवातीला कुठला ग्रह घ्यावा असं मला कुणी विचारलं तर मी हाच सांगतो. बडोद्याहून दोन तासांवरच्या लोकांनी केलेलं काम आहे, ते परदेशातल्या वाळवंटातल्या वेधशाळेइतकं परकं वाटत नाही.

पहिली पायरी: तारा गाठा

उत्तरायण झालं, मांज्याने कापलेली बोटं बरी झाली, की अगाशी मोकळी होते. (पुण्याकडच्या वाचकांसाठी: अगाशी म्हणजे गच्ची.) नेमका तोच हंगाम. फेब्रुवारीच्या सुरुवातीला हा तारा रात्री साडेबाराच्या सुमारास डोक्यावर येतो, मार्चच्या पहिल्या आठवड्यात पावणेअकराला, आणि एप्रिलच्या सुरुवातीला पावणेनऊलाच. शाळा-नोकरीवाल्यांनी मार्च-एप्रिल धरावा.

'डोक्यावर' हे मी अक्षरशः म्हणतोय. बडोदा २२.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि तारा खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीचं विषुववृत्त आकाशात ताणलं तर जी रेषा येईल तिच्या) १९.४ अंश उत्तरेला. वजाबाकी करा: माथ्यावरून तो तीन अंशांच्या आतच जातो. तेव्हा खुर्ची नको, चटई टाकून सरळ आडवे व्हा. खाली-वर आणि डावी-उजवी फिरणारी साधी दुर्बीण असेल तर अगदी माथ्यावरच्या ताऱ्यावर ती नीट रोखता येत नाही, नळी उभी केली की बाजूला वळवायला जागाच उरत नाही. म्हणून तारा माथ्यावर यायच्या दीड-दोन तास आधी किंवा नंतर बघावं.

शोधायचा असा. मिथुनेतले पुनर्वसूचे दोन ठळक तारे ओळखा, त्यातला दक्षिणेकडचा आणि जरा जास्त तेजस्वी तो घ्या. मग सिंहेतली मघा शोधा. या दोघांमध्ये मनाने एक दोरी ताणा. दोरीच्या मध्यावरून थोडंसं मघेच्या बाजूला सरकलात की आपला तारा. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश झाकते, त्या हिशेबाने पुनर्वसूपासून दोन मुठी. वाटेत, दोरीच्या जरा अलीकडे, पुष्याचा पुंजका लागतो. गुरुपुष्यामृत म्हटलं की आपल्याला रावपुऱ्यातली सोन्याची दुकानं आठवतात, पण दहा बाय पन्नासच्या द्विनेत्रीतून पुष्य एकदा बघाच. शहरी उजेडातही मधमाश्यांच्या पोळ्यासारखे तारे लगडलेले दिसतात. हा पुंजकाही आपल्यापासून ६०० प्रकाशवर्षांच्या आसपासच आहे, त्यामुळे 'एवढं लांब म्हणजे किती' याची नजरेला थोडी चव मिळते. आपला तारा तिथून पूर्वेला सहाएक अंशांवर.

तो दहाव्या प्रतीचा आहे, म्हणजे नुसत्या डोळ्यांना अशक्य. शहरातून चार-पाच इंची दुर्बीण आणि मोबाइलवरचा नकाशा लागेल. जांबुघोड्याच्या बाजूला, रानात, कुणाचं शेत असेल तर तीच दुर्बीण दुप्पट आनंद देते. दुर्बीण नसेल तर ही पायरी द्विनेत्रीवर सोडून द्या, पुढचं काही अडत नाही. तरी तारा नाही तर निदान त्याची जागा डोळ्यांनी बघून घ्या. नंतर संगणकावर जेव्हा ठिपक्यांची रांग समोर येते, तेव्हा ती कुठून आली हे माहीत असलेलं बरं.

चंद्राचं काय? भिंतीवरची दिनदर्शिका बघा. पंचांगाच्या विभागणीत हा तारा आश्लेषेच्या वाट्याला येतो. चंद्र पुष्य, आश्लेषा किंवा मघेत असेल ते तीन दिवस सोडून द्या, तो अगदी शेजारून जातो. हे कुठल्याही अॅपपेक्षा पटकन कळतं आणि आईलाही वाटतं की पोरगं पंचांग बघायला लागलं.

दुसरी पायरी: प्रकाशाची नोंद उतरवून घ्या

आता खरं काम, आणि ते चटईवर नाही, संगणकावर.

केप्लर दुर्बीण मार्च २००९ मध्ये अवकाशात गेली. तिला स्थिर धरणाऱ्या चार चाकांपैकी एक २०१२ मध्ये बंद पडलं, दुसरं मे २०१३ मध्ये. दोन चाकांवर दुर्बीण स्थिर राहीना. तेव्हा इंजिनियरांनी युक्ती केली: सूर्यप्रकाशाचाच जो बारीकसा दाब असतो त्याच्यावर तिला टेकवून तोल सांभाळायचा. हे जमतं ते फक्त सूर्याच्या वाटेलगत, म्हणजे राशिचक्राच्या पट्ट्यात बघताना. म्हणून के२ मोहिमेतली सगळी क्षेत्रं राशिचक्रातली आहेत, आणि म्हणूनच आपला ग्रह कर्क राशीत सापडला. कर्केचं हे क्षेत्र २०१५ च्या एप्रिल ते जुलै या काळात जवळपास ७५ दिवस सलग बघितलं गेलं. दर अर्ध्या तासाला एक मोजमाप.

ही मोजमापं फुकट आहेत. नासाच्या 'मास्ट' या भांडारात ती कुणालाही मिळतात. उतरवून घ्यायला 'लाइटकर्व्ह' नावाचं, पायथॉन या संगणकभाषेतलं साधन वापरा. स्वतःच्या संगणकावर काही बसवायचं नसेल तर गूगल कोलॅब उघडा, ब्राउझरमध्येच सगळं चालतं. लाइटकर्व्हच्या स्वतःच्या पानांवर तयार उदाहरणं आहेत. त्यातलं एक उचला आणि ताऱ्याच्या नावाच्या जागी एपिक २११९४५२०१ घाला. नाव आणि आकडे इंग्रजीत, मध्ये एक मोकळी जागा.

शोधलं की एकाच ताऱ्याच्या चार-पाच वेगवेगळ्या नोंदी समोर येतात आणि नवा माणूस इथेच गोंधळतो. गंमत अशी की दोन चाकांवरची दुर्बीण हळूहळू कलत राहायची आणि साधारण दर सहा तासांनी छोटे झोत मारून तिला जागेवर आणावं लागायचं. त्यामुळे कच्च्या नोंदीत करवतीच्या दात्यांसारखी चढउतार असते, दर सहा तासांनी एक दाता. आपल्या ग्रहाची सावलीही सहाएक तासांचीच. तेव्हा कच्ची नोंद घेऊ नका. 'एव्हरेस्ट' किंवा 'के२एसएफएफ' असं लिहिलेली घ्या, त्यात हे दाते आधीच घासून काढलेले असतात. फाइल लहान असते, मोबाइलच्या नेटवरही उतरते.

तिसरी पायरी: सफाई, आणि माझी फजिती

नोंद उतरली की साडेतीन हजारांच्या वर ठिपके समोर येतात. आडव्या अक्षावर दिवस, उभ्यावर प्रकाश. त्यावर क्रमाने दोन संस्कार करायचे. एक, सपाट करणं: तारा स्वतःच हळूहळू कमीजास्त होतो, तो चढउतार काढून टाकायचा. दोन, भरकटलेले एकटेदुकटे ठिपके काढणं.

सपाट करताना एक आकडा द्यावा लागतो: किती ठिपक्यांचा तुकडा एका वेळी बघून सरळ करायचा. हा आकडा विषम असावा लागतो आणि साधन आपण होऊन १०१ घेतं, म्हणजे दोन दिवसांहून थोडा जास्त काळ. तेवढाच राहू द्या. सावलीच्या वेळी ठिपके खाली जाऊन जो खळगा पडतो, तो बारा-तेरा ठिपक्यांचा आहे. 'आणखी छान सपाट करू' म्हणून तुम्ही १५ टाकलंत, तर साधन खळग्यालाच चढउतार समजून इस्त्री करून टाकेल.

मी ही चूक केली नाही. मी दुसरी केली. भरकटलेले ठिपके काढायची आज्ञा दिली, आणि तिचा नियम असा की ठिपके नेहमी जेवढे वरखाली थरथरतात त्याच्या पाचपटीहून जो सरासरीपासून लांब असेल तो कचरा. हा तारा इतका शांत आहे की ग्रहाची सावली त्या हद्दीच्या फार बाहेर पडते. साधनाने इमानेइतबारे सगळे खळगे उचलून फेकून दिले. धान्य पाखडायला बसलो आणि फोलपटांबरोबर दाणेच उडवले! चार रात्री मी त्या सपाट रेषेकडे बघत होतो. वाटलं, चुकीचा तारा उतरवला. पुन्हा उतरवला, पुन्हा तेच.

पाचव्या दिवशी नववीतली भाची आली. सेव-उसळीची वाटी हातात, एक डोळा पडद्यावर.

"मामा, इथे ठिपके का नाहीत?"

"कुठे?"

"हे बघ ना, इथे भोक आहे. आणि इथे. आणि इथेही." तिने बोटाने मोजलं. "एकोणीस... साडेएकोणीस. परत साडेएकोणीस."

ग्रह फेकून दिल्यावर राहिलेल्या रिकाम्या जागा ती मोजत होती. त्या दिवशी उसळ थंड झाली.

उपाय सोपा आहे. ठिपके काढताना फक्त वरच्या बाजूचे काढा, खालच्यांना हात लावू नका. लाइटकर्व्हमध्ये वरची आणि खालची हद्द वेगळी देता येते. ग्रह प्रकाश कमी करतो, वाढवत नाही. त्यामुळे वर उडालेला ठिपका खुशाल कचरा समजा, खाली पडलेल्याची आधी चौकशी करा.

चौथी पायरी: घडी घाला

७५ दिवसांत साडेएकोणीस दिवसांचे चारपेक्षा जास्त खळगे बसतच नाहीत. नुसत्या डोळ्यांनीही ते दिसतील. तरी साधनाकडून कालावधी काढून घ्या. १ ते ३० दिवसांची मर्यादा घाला. उत्तर १९.४९ च्या आसपास यायला हवं. ९.७५ आलं तर घाबरू नका, अर्ध्या कालावधीवर साधन हमखास अडखळतं. ९.७५ घेतलं तर निम्म्या ठिकाणी खळगा असायला हवा तिथे नसतो, यावरून चूक कळते.

मग घडी: सगळ्या नोंदीची १९.४९ दिवसांच्या पट्ट्यांत कापणी करून त्या एकावर एक ठेवायच्या, साडीच्या निऱ्या जुळवतात तशा. खळग्यावर खळगा बसला की विरळ ठिपक्यांतून एक स्वच्छ आकार उठून येतो. तळ ताटलीसारखा, कडा उतरत्या. तळ अगदी सपाट नसतो, मध्ये किंचित जास्त खोल असतो, कारण तारा मध्यभागी जास्त उजळ आणि कडेला मंद दिसतो.

६ जून २०१२ च्या सकाळी शुक्राचं अधिक्रमण ज्यांनी चष्म्यातून बघितलं असेल त्यांना सूर्यावरचा तो काळा टिकलीएवढा ठिपका आठवेल. इथे तेच चाललंय. फरक एवढाच की ताऱ्याची अख्खी थाळी इथे एका ठिपक्यात मावली आहे, त्यामुळे टिकली दिसत नाही, फक्त टिकलीएवढा उजेड कमी झालेला कळतो.

पाचवी पायरी: आकार काढा

प्रकाश किती कमी होतो? ०.१६ ते ०.१७ टक्के. गरब्याच्या मैदानावर हजार दिवे लावलेत आणि त्यातला दीड-पावणेदोन दिवे विझले, इतकं. तुमच्या-माझ्या डोळ्यांना सात जन्मात कळणार नाही.

झाकलेलं क्षेत्रफळ ०.००१६५. त्याचं वर्गमूळ ०.०४०६. म्हणजे ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या त्रिज्येच्या चार टक्के. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या १.३८ पट, आणि सूर्याची पृथ्वीच्या १०९ पट. गुणाकार करा: ०.०४०६ गुणिले १.३८ गुणिले १०९, उत्तर ६.१. छापून आलेला आकडा ६.१२ आहे. कॅल्क्युलेटरवर हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या.

तुमचं उत्तर ६.४ आलं तर? तळाचा सर्वांत खोल ठिपका धरला असेल. तळाची सरासरी घ्या. आणि एक लक्षात ठेवा, ताऱ्याची १.३८ ही त्रिज्या आपण उसनी घेतलेली आहे. तारा चुकला तर ग्रहही तितकाच चुकतो.

सावली किती वेळ टिकावी, हाही ताळा करून बघा. ग्रह ताऱ्यापासून ०.१४८ खगोलीय एककांवर, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या सातव्या हिश्श्यावर, सुमारे २.२ कोटी किलोमीटर. १९.५ दिवसांत पूर्ण फेरी मारायची तर सेकंदाला ८३ किलोमीटर वेग लागतो. ताऱ्याचा व्यास सुमारे १९ लाख किलोमीटर. भागाकार केला की साडेसहा तासांच्या आत-बाहेर येतं. ग्रह थाळीच्या मध्यावरून न जाता जरा वरून-खालून गेला तर थोडं कमी. तुमच्या घडीतला खळगा जर दोन तासांचाच निघाला तर कुठेतरी गडबड आहे, मागे जा.

सहावी पायरी: वजन, अबूच्या मदतीने

सावलीवरून आकार कळतो, वजन नाही. फुगा आणि लोखंडी गोळा सावलीत सारखेच. आणि नुसत्या सावलीवर ग्रह ठरवणं धोक्याचंही आहे: दोन तारेच एकमेकांना झाकत असतील, किंवा मागे लपलेल्या एखाद्या जोडीचा प्रकाश मिसळला असेल, तरी असेच खळगे दिसतात. एक खळगा खोल, पुढचा उथळ, पुन्हा खोल असं चाललं असेल, किंवा खळगा ताटलीऐवजी टोकदार असेल, तर ग्रहाची आशा सोडा. ही तपासणी तुम्ही घरी करू शकता, पण शेवटचा निवाडा वजनच करतं.

त्यासाठी दुसरी खोड. आपल्याकडे मंगळागौरीला एखादी भारदस्त मावशी चिमुरड्या पोरीबरोबर फुगडी घालते. पोरगी हवेत मोठा फेर धरते, मावशी जागच्या जागी. पण नीट बघितलं तर मावशीचे पायही एका बारीक वर्तुळात सरकतात. इथे मावशी पोरीच्या साडेचौदा हजार पट जड आहे. ग्रहाचा फेर २.२ कोटी किलोमीटर त्रिज्येचा, ताऱ्याचा फक्त १५०० किलोमीटरचा, म्हणजे बडोद्याहून कोलकात्यापर्यंत सरळ रेषेत जेवढं अंतर, साधारण तेवढा. तो फेर ताऱ्याला १९.५ दिवसांत संपवायचा आहे, तेव्हा वेग निघतो सेकंदाला पावणेसहा मीटर, ताशी वीस किलोमीटर. मांडवीच्या गर्दीतून माझी स्कूटर याच वेगाने जाते.

६०० प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याचा स्कूटरएवढा वेग! तो कळतो ताऱ्याच्या वर्णपटावरून. ताऱ्याचा प्रकाश रंगांत फाकवला की त्यात बारीक काळ्या रेघा दिसतात. तारा जवळ येताना त्या निळ्याकडे सरकतात, दूर जाताना तांबड्याकडे. किती? सहा हजार अँगस्ट्रॉमवरची (अँगस्ट्रॉम म्हणजे प्रकाशलहरींची लांबी मोजायचं एकक) रेघ एका अँगस्ट्रॉमच्या दहा हजाराव्या भागाएवढी. यंत्र जरा तापलं, निवलं, हवेचा दाब बदलला, तरी रेघा याहून जास्त हलतील. म्हणून 'पारस' दुर्बिणीवर टांगलेलं नसतं. ते वेगळ्या बंद खोलीत, हवा काढून घेतलेल्या टाकीत, जवळजवळ अजिबात न बदलणाऱ्या तापमानात ठेवलेलं असतं आणि ताऱ्याचा प्रकाश काचतंतूतून तिथवर नेतात. एकच रेघ बघून भागत नाही, हजारो रेघांची सरासरी घेतात. पीआरएलने हे काम ४२० दिवस पसरून केलं, आणि त्यात पावसाळा आलाच, तेव्हा अबूवर आकाशच नसतं.

नवशिक्यांनी इथे एक गोष्ट नक्की बघावी, बातम्यांत ती गाळली जाते. २७ हा आकडा एकटा नसतो. त्याच्याबरोबर अनिश्चिततेची शेपटी आहे: वर १४, खाली १२.६. म्हणजे वजन पृथ्वीच्या १४ पटांपासून ४१ पटांपर्यंत कुठेही असू शकतं. मला सुरुवातीला हे ऐकून फसवणूक झाल्यासारखं वाटलं. मग दुकानातल्या तराजूचा विचार केला. तूरडाळ तोलायच्या काट्यावर केशर तोलायला घेतलं तर असंच होणार. छोट्याशा १.२ मीटर दुर्बिणीने स्कूटरचा वेग पकडला, हेच पुष्कळ. आणि ४१ पट धरलं तरी ती वस्तू तारा ठरत नाही, ग्रहच राहते. प्रश्न तोच होता.

सातवी पायरी: आता तो कसा आहे ते सांगा

आकार आणि वजन हातात आले की घनता एका ओळीत निघते. २७ भागिले ६.१२ चा घन (२२९), उत्तर ०.११८. पृथ्वीची घनता घनसेंटिमीटरला ५.५ ग्रॅम, त्याच्याशी गुणलं की ०.६५. पाण्यापेक्षा हलका! सूरसागराएवढं मोठं तळं असतं आणि ग्रह त्यात मावला असता तर तरंगला असता. वजनाची वरची हद्द, ४१ पट, धरली तरी पाण्याएवढाच भरतो. आपल्या नेपच्यूनची घनता १.६४ आहे. तेव्हा हा नेपच्यूनपेक्षा बराच फुगलेला, बाहेर हायड्रोजन-हेलियमचा जाड थर आणि आत बर्फ, सिलिकेट, लोह असा जड ऐवज. पीआरएलच्या हिशेबात हा जड ऐवज एकूण वजनाच्या ६० ते ७० टक्के भरतो.

तापमानासाठी: ताऱ्याची त्रिज्या भागिले अंतराची दुप्पट, त्याचं वर्गमूळ, गुणिले ताऱ्याचं तापमान. ताऱ्याचं ६०२५ केल्विन घातलं की ८८७ केल्विन येतात, म्हणजे ६१४ अंश सेल्सियस. तुलनेला दुसरा एक घ्या: टीओआय-६६५१ बी, पीआरएलनेच २०२४ मध्ये 'पारस-२' या नव्या यंत्राने पक्का केलेला. तो पृथ्वीच्या पाचपट रुंद, पण ६० पट जड, घनता अडीचच्या आसपास. आकाराने जवळजवळ भाऊ, पण एक म्हैसूरपाक तर दुसरा बत्तासा. असं का, याच्यावर अजून वाद चालू आहेत.

जमलं तर: स्वतःचा खळगा

इथपर्यंत दुसऱ्याच्या दुर्बिणीवर जगलो. स्वतःच्या कॅमेऱ्याने सावली पकडायची हौस असेल तर के२-२३६ च्या नादी लागू नका, ०.१६ टक्का शहरातून मिळणार नाही आणि सहा तासांचा खळगा एका रात्रीत नीट बसतही नाही. एचडी १८९७३३ बी घ्या. तो नेपच्यून नाही, चांगला गुरूएवढा आहे, पण सावली २.४ टक्क्यांची, दर २.२ दिवसांनी, पावणेदोन तास टिकणारी. तारा आठव्या प्रतीपेक्षा जरा ठळक, डम्बेल तेजोमेघाच्या अगदी शेजारी, आणि तोही बडोद्याच्या बरोब्बर माथ्यावरून जातो. पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरात तो संध्याकाळी साडेसातच्या सुमारास वर असतो.

डीएसएलआर, १३५ किंवा २०० मिलिमीटरची लेन्स, आणि ताऱ्यांबरोबर फिरणारी बैठक लागेल. फोकस मुद्दाम थोडा बिघडवा, तारा एका टोकदार ठिपक्याऐवजी लहान चकतीसारखा उमटला की मोजणी स्थिर होते. तीस सेकंदांचे फोटो एकामागून एक. नंतर शेजारच्या दोन-तीन ताऱ्यांशी तुलना करून उजेड काढायचा, 'अॅस्ट्रोइमेजजे' हे फुकट साधन ते करून देतं. नवरात्रात मैदानांचे झोत आणि धूळ दोन्ही असतात, तेव्हा दसरा होऊ द्या. ऑक्टोबरअखेर लेन्सवर दव धरतं, केस वाळवायचं यंत्र आणि लांब वायर जवळ असू द्या.

आणि अधिक्रमण सुरू व्हायच्या निदान तासभर आधीपासून फोटो घ्यायला लागा, संपल्यावरही तासभर थांबा. आधीची सपाट रेषा नसेल तर खळगा मोजणार कशाच्या तुलनेत? आम्ही पहिल्या खेपेला हेच केलं, जेवून निवांत वर गेलो तोवर तारा मंद व्हायला लागलेला. वहीतल्या त्या पानावर भाचीच्या अक्षरात लिहिलंय: 'अर्धाच खळगा. पुढच्या वेळी डबा वर न्यायचा.'